राजकन्या काळी झाली, आणि लगेच बेडूक झाली

राजकन्या आम्ही मागितलीच नव्हती. राजे, राण्या, त्यांचे महाल, त्यांच्या पोरींची लग्नं यांच्याशी आमच्या बापजाद्यांचा संबंध आला तो वेठीपुरता. पण तुम्हीच द्यायला निघालात. डांगोरा पिटलात. पहिली काळी राजकन्या म्हणून जगभर बाहुल्या विकल्यात. आणि प्रत्यक्ष ताटात वाढलंत काय? बेडूक.

'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' हा डिस्ने कंपनीचा २००९ सालचा कार्टून सिनेमा. याच कंपनीने १९३७ साली 'स्नो व्हाइट' काढला होता. नावातच बर्फ, नावातच पांढरा. तिथून काळी राजकन्या पडद्यावर यायला बहात्तर वर्षं लागली. बहात्तर वर्षांनी आली ती टियाना. न्यू ऑर्लिन्स शहरातली, हॉटेलात लोकांच्या टेबलावर ताटल्या नेणारी काळी पोरगी. सिनेमा सत्त्याण्णव मिनिटांचा. त्यातला अर्धा तास सरतो न सरतो तोच तिची बेडकी होते. आणि मग शेवट येईपर्यंत ती बेडकीच राहते. चिखलात लोळते, जीभ काढून माश्या पकडायला जाते, मगरीच्या पाठीवर बसून हिंडते. तिला आवाज दिलाय अनिका नोनी रोझ या काळ्या नटीने. तिच्या आईला आवाज दिलाय ओप्रा विन्फ्रेने. म्हणजे काळा गळा यांना चालतो. कातडी तेवढी हिरवी पाहिजे.

दोस्तांनो, याला आजकाल प्रतिनिधित्व म्हणतात. आम्ही याला फसवणूक म्हणतो.

कोणी म्हणेल, हाटकेशच्या पोरांना अमेरिकेतल्या कार्टूनचं काय पडलंय? इथे पाण्याची बोंब आहे, गाळ्यात मशीनवर बोटं तुटताहेत, आणि तुम्ही राजकन्येच्या गोष्टी काय करताय? त्याला आमचं उत्तर असं की हे नातं आम्ही कालपरवा जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांच्या गुलामीविरुद्ध कंबर कसली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे धाडलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उठला आणि सहा वर्षांनी मुंबईत दलित पँथर. नाव सुद्धा आम्ही त्यांचंच घेतलं. तेव्हा काळ्या पोरीचा पडद्यावर बेडूक होतो, तो आमच्या घरातला मामला आहे. आम्ही बोलणार.

०००

आधी गोष्ट नीट बघू. कारण यांची हुशारी गोष्टीत असते, गाण्याबजावण्यात नाही.

पहिल्याच दृश्यात टियानाची आई एका महालात बसून गोऱ्या मालकाच्या लाडावलेल्या पोरीसाठी, शार्लटसाठी, राजकन्येचा झगा शिवते आहे. शिवता शिवता दोन्ही पोरींना बेडूक-राजपुत्राची गोष्ट सांगते आहे. काळी बाई झगाही शिवते, गोष्टही सांगते. झगा घालते गोरी. गोष्टीतली राजकन्या व्हायचं स्वप्नही तिचंच. मग मायलेकी ट्रामने घरी निघतात. महाल मागे पडतात, लहान लहान घरं सुरू होतात. का? एकाच शहरात हे असे दोन देश का? सिनेमा गप्प.

शार्लटचा बाप कोण? साखरेचा धंदा करणारा धनदांडगा. आपल्या भाषेत साखरसम्राट. महाराष्ट्राच्या पोराला हा शब्द फोडून सांगायची गरज नाही. लुईझियानाची साखर काळ्या गुलामांच्या पाठीवर पिकली, आणि आपली साखर ऊसतोड्यांच्या कोयत्यावर. त्याच बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ साली उघडकीला आलं. पाळीमुळे खाडा पडू नये, उचल अंगावर येऊ नये म्हणून. साखर गोड असते ती खाणाऱ्याला.

पण सिनेमातला साखरसम्राट कसा? गुटगुटीत, दिलदार, पोरीवर जीव ओवाळून टाकणारा. टियानाच्या हातचे पाव खाऊन खूश होतो आणि त्याच्याच पाकिटातलं नोटांचं पुडकं शार्लट तिच्या हातावर ठेवते. तिला स्वतःचं हॉटेल काढायचंय. त्यासाठी ती दोन दोन ठिकाणी राबते, टिपचे पैसे कॉफीच्या डब्यात साठवते. जागा ठरते. आणि ऐनवेळी जागेचे दलाल भाऊ, फेनर नावाचे, तिला सांगतात की दुसऱ्याने जास्त रक्कम दिली, आणि तुझ्यासारख्या परिस्थितीतल्या बाईला एवढा धंदा झेपलाही नसता.

ऐकलंत? 'परिस्थिती'! काळी म्हणत नाहीत. आपल्याकडे घर भाड्याने द्यायचं नसलं की 'सोसायटीचे नियम' निघतात, 'व्हेज-नॉनव्हेज' निघतं, 'आडनाव काय म्हणालात' निघतं. जात कोणी काढत नाही. मीरा रोडला भाड्याने खोली शोधत फिरलेल्या कोणत्याही आपल्या पोराला हे फेनर बंधू ओळखीचे वाटतील.

इथवर सिनेमा खऱ्याच्या काठाला आलेला असतो. एक पाऊल पुढे टाकला असता तर तो माणसाचा सिनेमा झाला असता. म्हणूनच राग येतो. टाकाऊ सिनेमावर कोण कशाला शाई वाया घालवील? काठापर्यंत येऊन त्याने काय केलं? पोरीला उचलली आणि दलदलीत फेकली.

आणि फेकली कशी तेही पाहा. तिचे कपडे पार्टीत खराब होतात, म्हणून शार्लट तिला आपला राजकन्येचा झगा उसना देते. झगा पाहून बेडूक झालेला राजपुत्र फसतो, मुका मागतो, बदल्यात हॉटेलसाठी पैसे देईन म्हणतो. ती मुका देते. जादू उलटते. का? तर ती खरी राजकन्या नव्हती म्हणून! झगा उसना होता म्हणून! जन्माने नसलेलं अंगावर घातलं म्हणून!

याला तुम्ही जादू म्हणा. आम्ही याला जात म्हणतो. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून त्याची वरात दगडांनी फोडणारं गाव हेच म्हणतं की तू खरा नाहीस, उतर खाली. फरक एवढाच की गाव हातात दगड घेतं आणि डिस्ने ब्रश घेते.

शार्लटचं काय? तिचा बाप त्या वर्षीच्या मार्डी ग्रा जत्रेचा राजा असतो, म्हणून ती मध्यरात्रीपर्यंत राजकन्या ठरते. म्हणजे बापाच्या पैशावर झालेली एका रात्रीची राजकन्या जादूला चालते. घाम गाळणाऱ्या पोरीने तोच झगा घातला की बेडूक. वा रे जादू! ती सुद्धा आडनाव विचारून चालते.

०००

कोणी म्हणेल हा योगायोग. एका सिनेमात झालं. तर मग हिशेब मांडू.

२००० साली याच कंपनीने इंका लोकांच्या राज्यातला तरुण बादशहा पडद्यावर आणला. त्याचा लामा केला. २००३ साली आदिवासी पोरगा आणला, त्याचा अस्वल केला. २००९ साली काळी पोरगी, तिची बेडकी. २०१९ साली ब्लू स्काय स्टुडिओच्या सिनेमात विल स्मिथच्या आवाजातला काळा गुप्तहेर, त्याचं कबूतर. २०२० साली पिक्सारच्या 'सोल'मध्ये काळा पियानोवाला नायक आला. तो मेल्यावर निळसर धुरकट आत्मा होतो, आणि पृथ्वीवर परत येतो तो मांजराच्या अंगात. त्याच्या स्वतःच्या काळ्या देहात तेवढा वेळ दुसराच आत्मा बसलेला.

आता उलट बाजू पाहा. सिंड्रेला माणूस राहते. स्लीपिंग ब्यूटी झोपते, पण माणूस म्हणून झोपते. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली बेल तर जनावराच्या वाड्यात राहून माणूस राहते. मत्स्यकन्या अर्धी मासळी, पण गोष्ट तिला माणूस करायला धावते. गोऱ्या पोरीची गोष्ट माणूसपणाकडे जाते आणि बाकीच्यांची जनावराकडे. पाच-पाच वेळा होतं त्याला योगायोग म्हणत नाहीत. त्याला वळण म्हणतात.

हे वळण जुनं आहे. १९४० च्या 'फँटाझिया'त सनफ्लॉवर नावाची काळी अश्वमानवी पोरगी होती. तिचं काम काय, तर गोऱ्या अश्वमानवींचे खूर घासायचे. पुढे लाज वाटली तेव्हा तिला कापून टाकलं. माफी नाही, खुलासा नाही. कात्री लावली आणि हात झटकले. १९४६ साली 'साँग ऑफ द साउथ' काढला. त्यात मळ्यावरचा आनंदी, गाणारा, गोष्टी सांगणारा काळा म्हातारा. ते काम करणारा नट जेम्स बास्केट. सिनेमाचा पहिला खेळ अटलांटा शहरात झाला आणि त्या खेळाला बास्केटच नव्हता. कारण अटलांटात काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या, काळ्याला त्या समारंभात जागा नव्हती. पडद्यावर तो, खुर्चीत ते. नंतर १९४८ साली त्याला सन्मानाचं ऑस्कर दिलं. मेल्यावर हार घालायची रीत इकडेच आहे असं नाही. तिकडे जिवंतपणी घालतात, पण आधी दाराबाहेर उभं करून.

०००

आता साल घ्या. टियाना बेडकी होते ती १९२६ च्या न्यू ऑर्लिन्समध्ये.

हे शहर कोणतं? याच शहरात ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात जाऊन बसला. धंद्याने चांभार. दिसायला गोरा, पण रक्तात एक अष्टमांश काळा. तेवढ्यावर त्याला खाली उतरवून अटक केली. रक्ताचा आठवा हिस्सा मोजणारे हे लोक आणि गोत्र-प्रवर मोजणारे आपले भटजी, तागडी एकच. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेगळं पण समान असेल तर चालतं. त्या एका निकालावर अमेरिकेत पन्नासाहून जास्त वर्षं वेगळी शाळा, वेगळा नळ, वेगळा डबा चालला. न्यू ऑर्लिन्सच्या ट्राममध्ये १९०२ पासून १९५८ पर्यंत काळ्यांच्या जागा वेगळ्या होत्या. बाकावर फिरती पाटी असायची, तिच्या मागे काळ्यांनी बसायचं. चांभार प्लेसीला लुईझियानाने माफी दिली ती २०२२ साली. माणूस जाऊन शतक होत आलं होतं.

हे सगळं सिनेमात कुठे आहे? कुठेच नाही. ट्राम आहे, पाटी नाही. शहर आहे, कायदा नाही. काळे आहेत, काळेपणा नाही. भोग वजा करून उरलेली संस्कृती तेवढी घेतली: जॅझ, मिरचीचा रस्सा, ताशे. आपल्याकडे ढोलकी घेतात, लावणी घेतात, पोतराजाचा आसूड सुद्धा रंगमंचावर घेतात. आसूड कोणाच्या अंगावर पडतो ते विचारत नाहीत. तसंच हे.

१९२६ साली टियाना बेडकी होऊन पाण्यात उतरली. लगेच पुढच्या वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला काय झालं ते इथल्या पोराला सांगायला नको. पण बेडकाच्या निमित्ताने पुन्हा बघू. चवदार तळं. १९२३ च्या बोले ठरावाने आणि १९२४ च्या नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर खुलं झालेलं. त्या तळ्यात गुरं पाणी पीत होती. कुत्री पीत होती. बेडूक तर तिथेच जन्मत होते, तिथेच अंडी घालत होते, तिथेच मरत होते. एकाही बेडकाने तळं बाटलं नाही. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, हजारो माणसांनी ओंजळी भरल्या, आणि तळं बाटलं! मग शेण-गोमूत्र ओतून त्याला शुद्ध करावं लागलं. कोर्टात दावे चालले. मुंबई हायकोर्टाने तळ्यावरचा आमचा हक्क मान्य केला तो १९३७ साली. ज्या वर्षी तिकडे स्नो व्हाइट पडद्यावर आली त्याच वर्षी.

आता बोला. बेडूक होणं ही आमच्या माणसाला कसली शिक्षा? महाडला बेडूक आमच्याहून वरच्या जातीचा होता! आमचं भांडण बेडूक होऊन पाण्यात उतरण्याचं नव्हतं. माणूस राहून पाण्यात उतरण्याचं होतं. महाडचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे, आणि डिस्नेच्या सिनेमातला सगळा खोटेपणाही. ज्या काळात काळ्या माणसाला माणूस म्हणून ट्राममध्ये बसता येत नव्हतं, त्या काळाची गोष्ट सांगताना यांनी माणूसच काढून घेतला. प्रश्न गेला. आता बेडकीला कोण ट्राममधून उतरवणार?

०००

शेवट कसा करतात? जागेचे दलाल ऐकत नाहीत. मग टियानाचा दोस्त मगर त्यांच्यासमोर दात विचकून उभा राहतो. दलाल घाबरतात, कागद होतो, हॉटेल निघतं. झालं! वंशभेद संपला, मगर आला म्हणून. आपल्या पोरांनी सांगावं, दार बंद करणाऱ्या सोसायटीपुढे नेण्यासाठी मगर कुठे भाड्याने मिळतो?

तोवर तिचं लग्न झालेलं असतं. नवरा राजपुत्र, कुठल्याशा कल्पित देशाचा. नाव नवीन. हो, आपल्या शेजारच्या पोराचं असतं तेच. तो काळाही नाही आणि गोराही नाही. काळा राजपुत्र दाखवायची छाती नव्हती, गोरा दाखवायची हिंमत नव्हती. म्हणून नकाशात नसलेला देश शोधून काढला. आणि या आळशी, उधळ्या, बापाने हाकललेल्या पोराशी लग्न लागलं म्हणून ती खरी राजकन्या, म्हणून पुन्हा माणूस. हॉटेल तिच्या कष्टाचं, माणूसपण नवऱ्याच्या कुळाचं.

खलनायक कोण? साखरसम्राट नाही. दलाल नाहीत. खलनायक काळा मांत्रिक, फॅसिलिए. सबंध सिनेमात साखरसम्राटाच्या दौलतीवर डोळा ठेवणारा, या शहरावर चिडलेला काळा माणूस हाच. त्याला शेवटी भुतं ओढून नेतात. धडा स्वच्छ आहे. राबणारा काळा चांगला, चिडणारा काळा राक्षस.

आणि राबणाऱ्या पोरीलाही सोडत नाहीत. दलदलीतली एक आंधळी म्हातारी तिला उपदेश करते की तुला जे हवंय ते वेगळं आणि तुला जे गरजेचं आहे ते वेगळं; तू कामात बुडालीस, प्रेम विसरलीस. म्हणजे दोन पाळ्या करणाऱ्या पोरीचा दोष असा की ती फार काम करते! मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हाटकेशमध्ये एका भाड्याच्या खोलीत वस्तीतल्या पोरांना हा सिनेमा दाखवला. त्यांतल्या निम्म्यांच्या आया पहाटे टॉवरमध्ये पोळ्या लाटायला जातात, दुपारी गाळ्यातून आणलेल्या कपड्यांचे धागे कापतात, ते पण नगावर. त्यांना जाऊन सांगा, बाई गं, तू फार काम करतेस, प्रेम विसरलीस. लाटणं फेकून मारतील. पोरं काय म्हणाली? मध्यावर कुठेतरी एक दुसरीतली पोरगी कंटाळून म्हणाली, "दादा, ही परत माणूस कधी होणार?" अमेरिकेतल्या बड्या बड्या टीकाकारांनी जे पानंच्या पानं लिहून सांगितलं ते तिने एका ओळीत विचारलं.

०००

आता आमचे पांढरपेशे मित्र म्हणतील, अहो, हा लहान मुलांचा सिनेमा आहे. कौटुंबिक. सहकुटुंब बघायचा. त्यात तुम्ही जात, वंश, कायदा कशाला घुसडता? मुलांना काय कळतंय?

मुलांना काय कळतं ते याच न्यू ऑर्लिन्सला विचारा. १४ नोव्हेंबर १९६० ला रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी पोरगी विल्यम फ्रँट्झ शाळेत गेली. गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणारी ती त्या शाळेतली पहिली काळी. भोवती सरकारी मार्शल, दोन्ही बाजूंनी शिव्या देणाऱ्या गोऱ्या आया. त्याच त्या 'कुटुंबवाल्या' आया. गोऱ्यांनी आपली पोरं शाळेतून काढून नेली. वर्षभर ती पोरगी एका मास्तरणीपुढे एकटी शिकली. सहा वर्षांच्या काळ्या पोरीला जे भोगता येतं ते सहा वर्षांच्या गोऱ्या पोराला बघता येऊ नये? मुलांना कळत नाही असं म्हणणारे नेहमी आपल्याच मुलांबद्दल बोलत असतात. आमच्या मुलांना पहिल्या दिवशी कळतं, शाळेत माठ कोणता शिवायचा नाही ते.

दुसरा आक्षेप जास्त मऊ, म्हणून जास्त धोक्याचा. काहीतरी दिलं ना? सुरुवात तर झाली ना? २००९ साली कितीतरी काळ्या आया आपल्या पोरींना हिरवा झगा घालून थिएटरात घेऊन गेल्या. तो आनंद खोटा नव्हता. आम्ही त्या आयांची टिंगल करणार नाही. तहान खरी होती म्हणून तर खारं पाणी पाजणाऱ्याचा गुन्हा मोठा. समता मागितली की समरसता वाढायची, हक्क मागितला की मिठी मारायची, हा डाव आम्ही इथे रोज बघतो.

आणि सुरुवात झाली म्हणता, तर पुढे काय झालं? २०२० च्या डिसेंबरात कंपनीने टियानाची मालिका काढू म्हणून जाहीर केलं. चार वर्षं घोळवली. मार्च २०२५ मध्ये गुंडाळली. बागेतल्या पाळण्याला २०२४ साली तिचं नाव मात्र दिलं, तेही 'साँग ऑफ द साउथ'वर बेतलेला जुना पाळणा झाकायला. भाईंदरच्या बाजारात दप्तर घ्यायला जा. बर्फाची राणी सापडेल, लांब सोनेरी केसांची सापडेल. टियाना शोधून दाखवा.

०००

तिकडे बोट दाखवून इकडचे सुटत नाहीत. मीरा रोडहून चर्चगेटच्या गाडीत बसा, चौथं स्टेशन मालाड. तिथे बॉम्बे टॉकीज होती. १९३६ साली तिने 'अछूत कन्या' काढला. अछूत पोरगी झाली कोण, तर टागोरांच्या नात्यातली देविका राणी. ब्राह्मण पोरावर प्रेम केलं म्हणून शेवटी कोणाला मारलं? पोरीला. भांडणाऱ्या दोन पुरुषांना वाचवताना ती रेल्वेखाली जाते, मग तिचं स्मारक बांधतात. १९५९ साली 'सुजाता' आला. अस्पृश्य पोरगी घरात मुलगी म्हणून स्वीकारली जाते कधी, तर आजारी आईला तिचं रक्त चाललं तेव्हा. तिकडे बेडूक व्हा, इकडे रेल्वेखाली जा, नाहीतर बाटलीभर रक्त द्या. माणूस म्हणून फुकट कोणी घेत नाही.

आणि आजची कार्टूनं? 'छोटा भीम'मध्ये राजकन्येचं नाव इंदुमती, चांदण्यासारखी. दांडगाई करणाऱ्या पोराचं नाव कालिया. नावापासूनच रंगाची वाटणी. आमच्या वस्तीत भीम म्हटलं की पोरांना दोन भीम आठवतात. एक लाडू खाऊन ताकदवान होतो आणि राजाचं राज्य वाचवतो. दुसऱ्याने राज्यघटना लिहिली. टीव्हीवर चोवीस तास कोणता चालतो, सांगा!

पण उत्तर देणारेही इथेच निघाले. नागराज मंजुळेचा २०१३ सालचा 'फँड्री' घ्या. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. त्यातला जब्याही जादू शोधतो. काळी चिमणी जाळून तिची राख वरच्या जातीच्या शालूवर टाकली की ती वश होईल म्हणून रानोमाळ हिंडतो. जादू मिळत नाही. मिळतं ते डुक्कर, आणि ते पकडताना बघून हसणारं गाव. डिस्नेच्या हाती जब्या लागता तर त्याचंच डुक्कर केलं असतं, गाणं म्हणायला लावलं असतं, शेवटी मुक्याने माणूस केलं असतं. मंजुळेने जब्याला माणूस ठेवला. फुले-आंबेडकरांच्या चित्रांच्या भिंतीवरून डुक्कर वाहून नेताना सुद्धा माणूस. आणि शेवटी त्याच्या हातात दगड दिला. तो दगड पडद्यातून सरळ खुर्चीत बसलेल्याकडे येतो. मुका आणि दगड, दोन सिनेमांतला फरक हा एवढाच. आणि हाच सगळा.

दोस्तांनो, म्हणून आपलं मागणं चुकीच्या दारी जाऊ देऊ नका. आणखी एक काळी राजकन्या, एक दलित राजकन्या, एक आदिवासी राजकन्या, असं मागत बसलात तर ते देतील. आनंदाने देतील. बाहुलीचा साचा तयार आहे, नुसता रंग बदलायचा. बाबासाहेबांनी राज्यकर्ती जमात व्हा म्हटलं. राजकन्या व्हा असं कुठेही म्हटलेलं नाही. राजकन्येला राज्य बापाकडून नाहीतर नवऱ्याकडून मिळतं. राज्यकर्तीला ते घ्यावं लागतं.

पोरींना गोष्ट सांगायची तर आपल्याकडे आहे. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची चौदा वर्षांची पोरगी, मुक्ता साळवे, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. महाल नाही, झगा नाही, मुका नाही. एक पाटी, एक पोरगी, आणि पेशव्यांच्या पुण्याला तिने विचारलेले प्रश्न. याचं कार्टून कोणी काढलं? कोट्यवधी रुपये नसतात म्हणू नका. दलित साहित्य सायक्लोस्टाइलच्या शाईवर उभं राहिलं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रं काढणारी पोरं वस्तीत आहेत, जयंतीला कापडावर बाबासाहेब रंगवतात तीच. ढोलकीवाले आहेत, गाणारे आहेत. नुसती रील काढून नाचू नका. त्या पोरीची गोष्ट काढा. वाकडीतिकडी निघाली तरी चालेल, पण पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत ती माणूस राहिली पाहिजे.

बेडूक त्यांना लखलाभ. तळं आमचं आहे.

जय भीम!